दुसऱ्यांच्या पायांवरची परीक्षा

माझ्या नवऱ्याचा आवाज मोठा होता. इतका, की मेडशीला घरी गेलो आणि ह्यांनी अंगणातून "पाणी दे वं" म्हटलं, तर शेजारीणच तांब्या घेऊन येईल, असं सासूबाई थट्टेनं म्हणत. हे वाशीमकडच्या मालेगावच्या ठाण्यात शिपाई होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचं वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि शिपायाचा जमादार व्हायची परीक्षा द्यायला अकोल्यालाच जावं लागे.

परीक्षेचे दोन भाग. एक लेखी. त्यात ह्यांचं कधी अडलं नाही. सातवी शिकलेली मी कलमं विचारायची आणि हे भाकरी मोडता मोडता सांगायचे. दुसरा भाग मैदानावरचा. परीक्षेला आलेल्या शिपायांचीच तुकडी करायची आणि त्यातल्या एकेकानं पुढे येऊन तिला हुकूम द्यायचे: सावधान, तेज चल, पीछे मूड, थम. तुकडी कशी चालली त्यावर हुकूम देणाऱ्याला गुण. म्हणजे पेपर तुमचा, पण लिहिणार दुसऱ्यांचे पाय. आणि हे दुसरे कोण, तर त्याच जागांसाठी आलेले! हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला तो भेटला असता तर मी विचारलं असतं, बाबा, तू कधी भावकीत राहिला नाहीस का?

तरी शिपायांनी त्यावर तोड काढलेली होती. तू माझ्या वेळी नीट चाल, मी तुझ्या वेळी चालतो. कुणी बोलून दाखवत नसे, पण पाळत सगळे. पहिल्या खेपेला हे सगळ्यांसाठी चालले. ह्यांची पाळी आली तेव्हा तुकडीला ऐकूच येईना. घरी येऊन एवढंच म्हणाले, "अर्धे वळले, अर्धे तसेच गेले. सायबानं इचारलं तं म्हणे, आवाज आला नाई."

मला आधी हसूच आलं. मग कळलं. आमची माहेर-सासर दोन्ही घरं छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि त्या तुकडीत आमच्यातले हे एकटेच होते.

ह्यांना मात्र ते कळून घ्यायचंच नव्हतं. वर्षभर आवाज वाढवायच्या मागे लागले. सुटीत गावी गेलो की तुरीच्या शेतात उभे राहून हुकूम देत. बांधावरून जाणारे विचारत, "काहून गा, तुरीले कवायत शिकवून राह्यला का?" एकदा ह्यांच्या "थम"वर शेजारच्या वावरात कोळपणीला जुंपलेले डवऱ्याचे बैल जागीच थांबले आणि शेजारी शिव्या देत मधल्या धुऱ्यावर आला. त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. बैलांना ऐकू गेलं होतं.

ठाण्यात ह्यांचा एक जोडीदार होता, ड्यूटी बहुधा दोघांची बरोबर असे. आमच्याकडे चहा घ्यायचा. भाकरीचं विचारलं की हमखास जेवून आलेला असायचा. पुढच्या खेपेला दोघं मिळून परीक्षेला निघाले, तेव्हा कप खाली ठेवून त्यानं मला सांगितलं, "वयनी, तुमी काळजी नका करू. मी समोरच उजवीकडून पयला राह्यतो. मी वळलो का सारे वळतात."

त्या खेपेला मीही अकोल्याला गेले. माझी मावसबहीण पोलीस लाईनीत राहायची, तिच्या दारातून तारेच्या कुंपणापलीकडचं मैदान दिसे. जोडीदाराची पाळी आधी आली. हे त्याच्या हुकमावर असे वळले, की बघताना माझीच मान ताठ झाली. मग ह्यांची पाळी. "तेज चल"वर तुकडी निघाली. "पीछे मूड" मी तारेअलीकडे स्वच्छ ऐकलं. बहिणीचं झोळीतलं लेकरू दचकून रडायला लागलं. उजवीकडचा पहिला सरळ चालत गेला. त्याच्या मागोमाग निम्मी तुकडी गेली, आणि जे वळले ते त्यांच्यावर आदळले. साहेबांनी कागदात मान घातली.

जोडीदार जमादार झाला. पेढे घेऊन आला.

"वयनी, गडबडीत आयकूच नाई आलं पाहा."

"भाऊ, मी तारेच्या अल्याड होती," मी म्हटलं. "मले आलं."

तो पुड्याचा दोरा सोडत राहिला. ह्यांनीच मला आत पाठवलं आणि एक पेढा उचलून तोंडात टाकला. त्या पेढ्याचा राग मला अजून आहे.

तक्रार कुणाकडे करायची, आणि कशाची? कुणी शिवी दिली नव्हती, कुणी अडवलं नव्हतं. पाय उशिरा पडला तर कोणतं कलम लागतं, ते ह्यांनाही ठाऊक नव्हतं. घरात ह्यांचा आवाज बसत गेला. पाणी मागितलं तरी मला दोनदा विचारावं लागे.

पुढच्या वर्षी ह्यांनी परीक्षेला नावच दिलं नाही. तरी बोलावणं आलं. तुकडी भरायला माणसं कमी पडत होती, आणि या शिपायाची चाल फार चांगली, हे साहेबांच्या बरोबर लक्षात राहिलं होतं. हे पट्ट्याचं पितळ घासत बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चुलीपुढूनच म्हणाले, "जाता तं जा. पण हुकूम आला का जरा थांबून वळा. एकडाव त्यायलेही कळू द्या."

ह्यांनी पितळावर फुंकर मारली. मग हळूच म्हणाले, "करून पाह्यलं वं मी, मांगच्या अंगणात. पाय थांबतच नाई."

आणि एसटीत बसून अकोल्याला गेले. पुढे नोकरी संपेपर्यंत दरवर्षी जात राहिले, दुसऱ्यांना जमादार करायला.