जनू म्हात्रेचं नाक आणि हमालांची बियर

जनू म्हात्रेशी माझी ओळख नंतर झाली, आधी झाली त्याच्या नाकाशी. पेणहून रोह्याला जाणाऱ्या एसटीत ते नाक पेणलाच चढलं आणि त्याच्या मागचा उरलेला जनू गडबडीनं आत आला. नाक कसलं! धरमतरच्या धक्क्यावर उभं केलं असतं तर बार्जवाल्यांनी त्याला दोर बांधले असते. ते माझ्या खांद्यावरून पुढे आलं, मांडीवरच्या पिशवीवर घिरट्या घालून थांबलं आणि मागून आवाज आला, "भाऊ, खाली सुके बोंबील, वर इस्तरीचा शर्ट. आता शर्ट गेला."

मी हसलो. शेजारी बायको बसली होती, म्हणून जरा जास्तच हसलो.

"आन् वहिनींच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी हाय. म्हंजे आज घरात उपास. मग तुमच्या तोंडाला बटाटेवड्याचा वास कसा काय?"

नागोठणं येईपर्यंत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जनूशी मात्र रोह्यापर्यंत बोलली. उतरताना तिनं त्याला घरी जेवायला बोलावलं. मला यायला हरकत नाही, असंही म्हणाली.

जनू धरमतरच्या खाडीकाठचा. बाप मोरू मिठागरात राबला आणि मिठाच्या गोण्या डोक्यावरून बार्जमध्ये चढवत म्हातारा झाला. जनूला डोक्यावर काही घ्यावं लागलं नाही, कारण देवानं चेहऱ्यावरच पुरेसं ओझं दिलं होतं. रोह्याजवळ सुशील नावाच्या एका हौशी माणसानं शेड टाकून बियरचा छोटा कारखाना काढला होता. तिथे जनू चव घ्यायला होता. हो, ही नोकरी असते! गावातल्या निम्म्या पुरुषांनी 'आमचं बी बघ ना रे' म्हणून त्याच्याकडे वशिला लावला होता. पण जनू घोट गिळत नसे. तोंडात घोळवायचा, नाकातून श्वास सोडायचा आणि बादलीत थुंकायचा. हे कळल्यावर वशिल्याची रांग मोडली.

कारखान्याची शान म्हणजे काळी बियर, पोर्टर. तिच्यासाठी बार्लीचे दाणे कॉफीसारखे काळे होईपर्यंत भाजतात. "पोर्टर म्हणजे हमाल," सुशीलनं जनूला सांगितलं होतं. "लंडनचे हमाल ही प्यायचे, म्हणून हे नाव." जनूनं ते घरी सांगितलं, तर म्हातारा मोरू उसळला. "आमी जन्मभर गोण्या वाहिल्या. आमाला तर पानी बी घरून न्यावं लागायचं!"

जनू ग्लास उजेडात धरायचा. काठाशी कोकमाचा लाल रंग दिसला पाहिजे, फेस दुधाच्या चहासारखा पाहिजे. मग ते नाक ग्लासात उतरायचं. फेस घाबरून बाजूला व्हायचा. सुशीलनं बाटलीवर 'चॉकलेट, कॉफी, सुका मेवा' असं छापलं होतं. जनूचा शब्द एकच होता: खरवड. भाताच्या टोपाच्या बुडाला धरते ती. "खरवडीच्या अलीकडं कच्चं, पलीकडं करपट," तो म्हणायचा. बियर बिघडली असेल तर दुसरा शब्द होता, ओलं गोणपाट. मग अख्खी टाकी ओतून द्यायची. सुशीलला स्वतःला यातलं काही कळत नसे असं नाही. पण आपली बियर म्हणजे आपलं पोर. त्याला तिच्यात खोट दिसायचीच नाही. म्हणून तर जनू हवा होता.

मग ती तापाची साथ आली. ताप घरोघरी आला आणि गेला. जनूच्या घरून जाताना नाक घेऊन गेला.

हे आधी कळलं त्याच्या बायकोला, शकूला. ती चुलीवर भात ठेवून शेजारी गेली होती. धूर बघून आळीतली माणसं कळशा घेऊन धावली, तर जनू टोपाशेजारी बसून पेपर वाचत होता. "अवो, भात जळून कोळसा झाला!" शकू ओरडली. "व्हय काय?" म्हणत जनूनं पान उलटलं. शकूनं त्याचे डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली सुक्या जवळ्याची मूठ धरली.

"काय हाय सांगा."

जनूनं बराच विचार केला. "अगरबत्ती?" तो भीत भीत म्हणाला.

शकूनं जवळा परत डब्यात टाकला. नाक गेलं म्हणजे नोकरी गेली, हे सांगायला दुसरं नाक लागत नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. ओवा, कापूर, कांदा, निलगिरी. जो येईल तो काहीतरी हुंगायला आणी. नाक लाल झालं, सुजलं, आणखी मोठं झालं, पण आतून सामसूम. पेणचे डॉक्टर म्हणाले, "येईल. वाट बघा." जणू एसटीच!

मी भेटायला गेलो तेव्हा जनू पिशवीत डोकावून म्हणाला, "काय आनलंत भाऊ?" त्यानं मला हे विचारावं! मला बोंबील म्हणताना लाज वाटली.

शेवटी मार्ग शकूनंच काढला. जनू बियरचा नमुना कडीच्या डब्यातून घरी आणी. शकू नाकावरचा पदर बाजूला करून हुंगे आणि निकाल देई, "वाईट."

"अगो, पन कशी वाईट?"

"तुमच्या भावाच्या हळदीत मांडवामागं दारूचा वास येतो, तशी वाईट."

"खरवडीसारखी हाय काय?"

"माझ्या भाताला नावं नका ठेवू!"

हळूहळू जनूला तिची मापं कळली. 'वाईट' म्हणजे बियर फिकी. 'लय वाईट' म्हणजे उत्तम. आणि शकू न बोलता डबा घेऊन मोरीकडे धावली, तर टाकी ओतून द्यायची. या मापावर सुशीलची बियर कित्येक महिने सुखरूप बाजारात गेली. बिचाऱ्या लोकांनी तिची स्तुतीही केली.

एका दुपारी सुशील हर्षद नावाच्या हॉटेलवाल्याला घेऊन न कळवता शेडमध्ये आला. हर्षदची समुद्रकाठी चार हॉटेलं होती आणि मोसमभराची पोर्टर तो एकदम उचलणार होता. दोन टाक्या तयार होत्या. "जनूदादा सांगतील ती द्यायची," सुशील अभिमानानं म्हणाला. "तालुक्यात असं नाक नाही."

जनू 'आलोच' म्हणून बाहेर गेला आणि त्यानं घरी फोन लावला. "शकू, दोन टाक्या हायत. कुठची सांगू?"

"मी हितून काय हुंगू? फोन हुंगू?"

"अंदाजानं सांग गो!"

"दोन्ही वाईट," शकू म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

जनू आत आला. दोन्ही ग्लास उजेडात धरले. दोन्हींच्या काठाला कोकम, दोन्हींवर चहा. घोट घेतले. जीभ म्हणाली कडू, आणि तेही दोन्ही. नाक ग्लासात उतरलं, थांबलं, रिकामं वर आलं. त्यानं डावीकडचा ग्लास पुढे केला. फेस जरा जास्त होता, एवढंच.

हर्षदनं घोट घेतला आणि त्याचा चेहरा आंबला. "काय हो हे? भिजलेल्या पोत्याचा वास येतोय!"

सुशील जनूकडे वळला. "जनूदादा, ओलं गोणपाट?"

"आसंल, शेठ," जनू म्हणाला. "मना नाय येत वास."

"कधीपासून?"

"तापापासून."

"मग इतके महिने टाक्या कोण पास करत होतं?"

"शकू हुंगते."

हर्षद हसता हसता खुर्चीत कोसळला. सुशील हसला नाही. तो चांगला माणूस; म्हणाला, वहिनींना इथेच येऊ दे कामाला. जनूनं घरी विचारलं. शकू म्हणाली, "मी नाय येनार. घान वास येतो तिथं."

हर्षदनं बियर दुसरीकडून घेतली आणि सुशीलचा कारखाना बंद पडला. आता त्या शेडमध्ये पिण्याच्या पाण्याचे जार भरतात. जनू तिथेच आहे, झाकणं लावतो. वास अजून आलेला नाही.