ऋषीच्या भाजीतलं रानगाजर

आमचे हे एका रविवारी निसर्गभ्रमंतीला जाऊन आले, येताना भिंग विकत घेऊन आले, आणि तेव्हापासून नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत एकही रोप सुखाने उगवेना. कुंडीतल्या तुळशीलासुद्धा हे भिंगातून निरखायचे आणि "हंऽऽ" म्हणायचे. हं काय? तुळसच ती!

त्या वर्षी ऋषिपंचमीला सासूबाईंनी नवीन खूळ काढलं. या उपासाला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून बायका बाजारातून ऋषीच्या भाजीचा वाटा आणतात नि मोकळ्या होतात. सासूबाईंना बाजाराचा भरवसा नव्हता.

"कशावरून त्यात नांगर फिरला नसेल?"

"आई, इथे जमिनी विकून सगळ्यांनी गाड्या घेतल्या. बैल शोधायला गेलात तर पोळ्याचा, मातीचाच सापडेल."

"तुझं तोंड फार चालतं," त्या म्हणाल्या, आणि सकाळीच लेकाला रानात धाडलं.

हे आपटा गावाच्या बाजूला जाऊन पिशवीभर हिरवं घेऊन आले. अळू आणि कुर्डू मीही ओळखलं. तळाशी मात्र मुळासकट उपटलेली रोपं होती. गाजरासारखी बारीक चिरलेली पानं, वर पांढऱ्या फुलांची छत्री.

"रानगाजर!" हे म्हणाले. गड जिंकून आल्याचा थाट होता.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. गाजर, कोथिंबीर, बडीशेप, ओवा हे सगळं एका कुळातलं, पण त्याच कुळात जीव घेणारी झाडंही आहेत आणि दिसायला ती अशीच असतात, एवढं मला ठाऊक होतं. मी तसं सांगितलं.

"वास गाजराचा, पान गाजराचं. कुळ एकच आहे म्हणतेस ना? मग झालं तर!"

"एका कुळातले सगळे सारखेच असते, तर तुमच्या काकांना घरात का घेत नाही आपण?"

ह्यांनी लगेच मोबाईलवरच्या वनस्पतींच्या ग्रुपवर फोटो टाकला. कुणी रानगाजर म्हटलं, कुणी रानजिरं, कुणी "विष आहे, फेकून द्या." एकाने सणाच्या शुभेच्छा दिल्या. ह्यांनी रानगाजरवाल्याला विद्वान ठरवलं, बाकी सगळे अडाणी. मी भांडायला तोंड उघडते तोवर ह्यांनी ती रोपं स्वतःच्या हाताने चिरून भाजीच्या पातेल्यात ढकललीसुद्धा. एरवी घरात चहाचा कप विसळत नाहीत!

"माझा मुलगा शिकलेला आहे," सासूबाई म्हणाल्या. "वाढ."

उपास आम्हा दोघींचा, म्हणून ताटं दोनच. दोन्ही ताटांत भाजी वाढली खरी. थट्टा एकीकडे, पण सत्तरीची बाई, सकाळपासून उपाशी, आणि पहिला घास हा जायचा. मी पळी खाली ठेवली.

"अहो, आधी तुम्ही खा."

"मी? माझा कुठे उपास आहे? हे बायकांचं व्रत. शिवाय माझं पित्त..."

"एकच घास. अभ्यास म्हणून."

आईसमोर माघार कशी घेणार? ह्यांनी चमचा भरला आणि त्यावर फुंकर मारत बसले. भाजी केव्हाच गार झाली होती. शेवटी चमचा कसाबसा ओठांपाशी नेला, तोच सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"ठेव ते खाली! काही झालं म्हणजे तुला?"

हे चमचा ठेवून इतक्या चटकन उठले, की पाट सरकला.

"आणि आपल्या दोघींना?" मी विचारलं.

सासूबाईंनी आधी माझ्या ताटातली भाजी पातेल्यात ओतली, मग स्वतःच्या ताटातली.