आक्का, काच आणि आऊट-पास

भल्ला साहेब रिकाम्या कॅन्टीनच्या मधोमध उभे होते. हातात ताट होतं, आणि आरोपीकडे बघावं तसे ते त्या ताटाकडे बघत होते.

"घोडके, ये लोग खाना कहाँ खाते हैं?"

"गेटबाहेर, सर. कारेगावच्या रस्त्याला. आक्काकडे."

"व्हॉट इज आक्का?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर एका वाक्यात बसणारं नव्हतं.

मी कारेगावजवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ॲडमिन ऑफिसर आहे. कंपनी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवते. ॲडमिन म्हणजे कंपनीत जे कुणाचंच काम नसतं, ते माझं काम. बस, बगीचा, संडास, कॅन्टीन. राहायला मी न्हावऱ्याला. रोज बाईकवर येतो-जातो. भल्ला साहेब प्लँट हेड. ते दिल्लीकडचे, आणि पुण्याहून गाडीत काच वर करून येतात.

कॅन्टीन वाईट नव्हतं. मोठ्या शहरातला केटरर होता. पनीर होतं, सॅलड होतं, कशात किती कॅलरी आहेत त्याचा फलक होता. पण जेवणाची सुट्टी झाली की माणसं गेटबाहेर पडायची आणि उशिरा परतायची. लाइन उशिरा सुरू व्हायची. आमच्याकडे माणूस थांबला तर चालतं, लाइन थांबली तर बोंब होते.

साहेबांनी हुकूम सोडला, "फाइव्ह व्हाय करो."

फाइव्ह व्हाय म्हणजे मशीन बिघडलं की लागोपाठ पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या उत्तराला खरं कारण सापडतं, असा समज आहे. मी प्रेस शॉपमधल्या सोपानला पकडलं. सोपान जुना ऑपरेटर, तोंडाचा मोकळा.

"तू कॅन्टीनला का जात नाहीस?"

"जातो की. हात धुवायला. पानी ब्येस हाय तिथलं."

"मग जेवत का नाहीस?"

"भूक नसती."

"आणि आक्काकडं कशी असते?"

"तिथं गेल्यावर लागती."

तिसऱ्या 'का'लाच मी फॉर्म बंद केला.

आक्काची खानावळ म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड. चार बाकडी, एक पिंप. मेन्यू नाही. जे शिजलंय ते खायचं. पिठलं असेल तर पिठलं, मटकी असेल तर मटकी. उत्तरेकडच्या पोरांसाठी डाळभात मात्र रोज. आक्का स्वतः चुलीपुढं. आवाज असा, की शेजारच्या कंपनीचा भोंगा वाजला तरी लक्ष जाऊ नये. गिऱ्हाइकाला ती 'या, बसा' कधीच म्हणत नसे. "काल कुठं उलथला हुतास?" हे तिचं स्वागत. कुणी दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याची उलटतपासणी. डोळे लाल दिसले तर चारचौघांत पंचनामा. पक्षपातीही होती. आवडत्याला दही, नावडत्याला बोलणी. तरी बाकड्यावर जागा मिळत नसे. कायम कामगार, कंत्राटी पोरं, ट्रकवाले, सगळे मांडीला मांडी लावून.

हे सगळं साहेबांना सांगितल्यावर त्यांनी हेड ऑफिसला मेल टाकला. हेड ऑफिसने रिया मॅडमना पाठवलं. त्या एम्प्लॉयी एक्सपिरियन्स खात्याच्या. म्हणजे कामावर माणसाला कसं वाटतं ते मोजणारं खातं. वाटलेलं बदलणारं खातं वेगळं असतं. ते अजून मंजूर झालेलं नाही.

मी मॅडमना आक्काकडे जेवायला नेलं. आक्काने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन गावची गं तू?"

"गुरुग्राम."

"आईबाप कुठं हायेत?"

"जयपूर."

"मंग तिथं करून कोन घालतं तुला?"

मॅडमनी भाकरी मोडता मोडता मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं. दुसरी भाकरी न विचारता ताटात पडली, तीही खाल्ली. परत येताना गाडीत त्यांनी मोबाइल उघडलाही नाही. मला वाटलं, समजलं यांना. ऑफिसात पोचल्यावर म्हणाल्या, "इट्स द ॲम्बियन्स."

ॲम्बियन्स म्हणजे जागेचा थाट. पंधरवड्यात कॅन्टीनच्या एका कोपऱ्यात थाट उभा राहिला. भिंतीवर बैलगाडीचं चाक, वर कंदील, त्यात एलईडी. प्लॅस्टिकची कणसं. वाढणाऱ्या पोरांच्या डोक्याला फेटे. फलकावर 'गावरान कट्टा'. उद्घाटनाला सोपान आला, चाकाभोवती फिरला आणि गंभीरपणे म्हणाला, "बैल कुठं बांधलेत, साहेब?" सगळ्यांनी चाकासोबत फोटो काढले आणि जेवायला आक्काकडे गेले.

मग भल्ला साहेबांनी शेवटचा डाव टाकला. "आक्का को ही अंदर ले आओ."

मी आणि खरेदी खात्याचे कुलकर्णी प्रस्ताव घेऊन गेलो. मला वाटलं, बाई हाकलून देईल. तिने एकच विचारलं, "पंखा हाय का आत?"

"एसी आहे," कुलकर्णी म्हणाले.

"मंग इचारता काय? सगळा जल्म धुरात गेला. गारव्यात भाकरी थापाया मिळत आसंल तर न्हाई म्हनाया मी काय येडी हाय?"

कुलकर्ण्यांनी करार केला. त्यात एक अट होती. आक्काने बाहेर दुसरीकडे जेवण विकायचं नाही. पत्र्याच्या शेडला कुलूप लागलं.

आत येण्याआधी तिचं सेफ्टी इंडक्शन झालं. म्हणजे आग लागली तर कुठून पळायचं त्याचं प्रशिक्षण. चुलीपुढं आयुष्य काढलेली बाई ते निमूट ऐकत बसली. डोक्याला जाळीची टोपी, नऊवारीवर ॲप्रन, पायात सेफ्टी शूज. वाढण्याच्या जागेपुढं काच, अन्नावर कुणी शिंकू नये म्हणून. आणि काचेवर सूचना: 'सर्व्हिंग लाइनवर संभाषण टाळा.' कारण सायकल टाइम. एका कामाला लागणारा वेळ म्हणजे सायकल टाइम. आक्का एकेकाला 'काल कुठं होता' विचारत बसली तर रांग हलणार कधी?

पहिला आठवडा कॅन्टीन भरलं. साहेबांनी फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला, खाली लिहिलं, 'एम्प्लॉयी डिलाइट'. रिया मॅडमनी तो प्रेझेंटेशनमध्ये घातला.

हळूहळू खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. सोपानने घरून डबा सुरू केला. बाकीचे गेटवर उभ्याने वडापाव खायचे.

"अरे, तीच आक्का, तीच भाकरी," मी सोपानला म्हणालो. "आता काय झालं?"

"आक्का तीच हाय, साहेब. पन शेजारच्या टेबलावर सुपरवायझर बसतोय. त्याला शिव्या कुठं बसून द्यायच्या? अन्न उतरत न्हाई."

हे फाइव्ह व्हायच्या फॉर्ममध्ये लिहिता आलं नसतं.

कॅन्टीनमध्ये कंत्राटी पोरांची वेळही वेगळी होती. कायम कामगार आधी, कंत्राटी नंतर. एके दिवशी ती पाळी सुरू असताना आक्काने काचेवर टकटक केलं आणि मला बोलावलं.

"न्हावरेकर, सूरज दिसंना." आक्का मला आडनावाने नाही, गावावरून हाक मारायची.

सूरज बिहारचा, पॅकिंगला होता. लाजाळू पोरगा, डाळभात तीनदा घेणारा. त्याच्या खोलीतले दोघे सणाला गावी गेले होते.

"कधीपासून?"

"मला हितनं कुठं धड दिसतंय? निस्ती ताटं दिसत्यात. पन काल न्हवता, आन् परवाबी न्हवता वाटतं."

मी सिस्टिममध्ये पाहिलं. सिस्टिमला माहीत होतं. सिस्टिमने लाल अक्षरात 'ॲबसेंट' लिहून ठेवलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्याचा गेटपास आपोआप रद्द करायचीही सोय होती. लेबर काँट्रॅक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "भाग गया होगा साहब. ये लोग ऐसे ही करते हैं. दूसरा भेजता हूँ."

मी हे आक्काला सांगेपर्यंत तिने पळी खाली ठेवली होती. रांग उभी होती. ती काचेमागून बाहेर आली आणि तशीच, टोपी-ॲप्रनसकट, गेटकडे चालू लागली. मी मागून.

गेटवर वॉचमनने अडवलं. "आऊट-पास?"

"कसला पास?"

"बाहेर जायचा. ड्युटीत व्हेंडरला पासशिवाय सोडत नाही. मटेरियल असलं तर वेगळा पास."

"मी काय मटेरियल हाय का रं? बाजूला हो!"

वॉचमन बिचारा नियमाचा पक्का. तो हलेना. आक्काने गेटच्या आडव्या दांडीला हात घातला. आतली रांग बाहेर येऊन बघायला लागली. मी वॉचमनच्या टेबलावरच पासवर सही केली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. 'जेवायला न आलेल्या माणसाला बघायला' असं लिहिलं. पुढे त्यावर ऑडिटमध्ये शेरा पडला.

बाईकवर आक्का मागे बसली. कारेगावात एका चाळीची मागची खोली. दार आतून बंद. आक्काने दारावर अशी थाप मारली की शेजारच्या तीन खोल्या उघडल्या.

"सूरज! ये पोरा! दार काढ!"

काही नाही. पुन्हा हाका, पुन्हा थापा. मग आत काहीतरी सरपटल्याचा आवाज झाला आणि कडी निघाली. सूरज उंबऱ्यावरच कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फुटलेले. खोलीत पाण्याची रिकामी बाटली आणि बिस्किटाचा कागद.

आक्काने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि शिव्यांची जी सुरुवात केली, ती रिक्षा येईपर्यंत थांबली नाही. शिव्या देताना ती रडत होती. मी दुसरीकडे बघत राहिलो.

शिरूरला दवाखान्यात नेलं. डेंगी निघाला. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत. एवढंच म्हणाले, पण चेहऱ्यावरून बाकीचं कळलं.

दोन दिवसांनी सूरजला जरा तरतरी आली. मी विचारलं, "अरे, किसी को बताया क्यों नहीं?"

"किसको बताता साहब? पहले बुखार आता था तो चाची के बेंच पे जाके लेट जाता था. अब वहाँ ताला है."



आक्का कामावर परत आली नाही. कुलकर्ण्यांनी तिला पत्र पाठवलं: सेवा मध्येच खंडित केल्याबद्दल खुलासा करावा. तिने पत्र माझ्याकडून वाचून घेतलं.

"त्यास्नी सांगा, एसी लय ग्वाड हाय तुमचा. पन तितनं भाईर पडाया पास लागतो. माज्या दारातनं मी कवाबी निघती."

शेडचं कुलूप निघालं. भल्ला साहेबांनी मला बोलावून विचारलं, "उस दिन सर्व्हिंग कितनी देर रुकी थी?" मी म्हणालो, "सर, पोरगा वाचला." ते म्हणाले, "हाँ हाँ, वो तो गुड है. पर रुकी कितनी देर?"

रिया मॅडमचं खातं मात्र हलून गेलं. प्रेझेंटेशनमध्ये सूरजची गोष्ट 'लर्निंग', म्हणजे धडा, म्हणून आली. त्यांनी एक ॲप आणलं. कामगार गैरहजर राहिला की त्याच्या मोबाइलवर आपोआप संदेश जातो: 'आम्हाला तुमची आठवण येते', आणि शेजारी एक हसरा चेहरा. चांगली कल्पना. फक्त ते कायम कामगारांसाठी होतं. सूरज कंत्राटी. त्याची आठवण येण्याचं लायसन्स कंपनीने घेतलेलं नव्हतं.

पुढे साहेबांनीच जेवणाची सुट्टी थोडी वाढवली. लाइन वेळेवर सुरू व्हायला लागली. त्याला 'फ्लेक्सी लंच' नाव दिलं आणि हेड ऑफिसकडून शाबासकी मिळवली. सूरज बरा होऊन पॅकिंगला परतला. आक्काने त्याला महिनाभर दही वाढलं, आणि दर वाटीमागे एकदा झापलं.

इतक्या वर्षांच्या ॲडमिनमध्ये मी शिकलो ते एवढंच. चव कंपनीला विकत घेता येते, बाईही कराराने आत आणता येते. पण आपण आलो नाही म्हणून चिडणारं माणूस पगारावर मिळत नाही. पगारावर ठेवलं की त्याला आधी रांग सांभाळावी लागते.

मीही आता दुपारी आक्काकडेच जेवतो. कालवण बऱ्याचदा खारट असतं. आजवर कुणी तिला तसं सांगितलेलं नाही. जे कुणाचंच काम नसतं ते माझं, पण हे एक काम मी करत नाही.