डावीकडची चटणी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतो? आता तीच मंडळी इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला कुणाकडे गणपतीला जमली, की आमच्या ह्यांचे रेसिंगचे किस्से सांगत बसतात. गॅरेजमागे जुने टायर साचावेत तसे साचलेत. पण सांगतात ते हसायचे तेवढेच. राहिलेले मी सांगते.

*

हे हॉस्पिटलात पोर्टर होते. टेरी नावाचा एक भंगारवाला पाय मोडून तिथे आला. ह्यांनी त्याची व्हीलचेअर अशा झोकात वळवली, की तो म्हणाला, "माझी गाडी चालवशील?"

गाडी म्हणजे स्टॉक कार. गोल ट्रॅक, लोखंडी बंपर, आणि पुढच्याला ढकलून वाट काढायची. ह्यांनी पोर्टरकी सोडली.

मी म्हटलं, "पुण्यात स्कूटरला ओरखडा पडला तर अख्खा चौक गोळा करायचात."

"म्हणून तर इकडे आलो," हे म्हणाले.

*

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. डॉक्टरकडच्या रिसेप्शनवालीने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" मी गप्प. तिला वाटलं, मला माहीतच नाही. शेवटी मी ह्यांचा पासपोर्ट पुढे सरकवला. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली.

*

नवख्याच्या गाडीचं छप्पर पांढरं, पट्टीच्या ड्रायव्हरचं लाल. ह्यांचं लाल झालं त्या दसऱ्याला मी ट्रॅकवर गाडीची पूजा केली. हार, हळदकुंकू, बंपरवर नारळ.

पाय बरा झाल्यावर टेरीही दुसऱ्या गाडीतून शर्यतीत असायचा. म्हणाला, "माझ्या गाडीला पण फोड."

"आधी कबूल कर, ह्यांना ठोकणार नाहीस."

"ते नाही जमणार. त्यालाच वाईट वाटेल."

फोडला त्याच्याही गाडीवर. काय करणार?

*

मग एकदा हे भिंतीवर आदळले. डोक्याला मार बसला. घरी आले, बोलत होते, हसत होते. सगळे म्हणाले, वाचला.

मी जेवायला वाढलं. ताटात उजवीकडे भाजी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी. ह्यांनी भाजी संपवली. चटणीला बोट लावलं नाही.

"चटणी नको का?"

"वाढलीस कुठे?"

मी काही न बोलता ताट फिरवलं. चटणी उजवीकडे आली.

"आत्ता वाढलीस होय," म्हणाले आणि खाल्ली.

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली.

*

रोज मी ताट फिरवायचे. शेवटी विचारलं, "अहो, खरं सांगा."

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "डावीकडचं नाही दिसत गं. पण कुणाला बोलू नकोस. हे सुटलं तर मी परत ट्रॉल्या ढकलत बसू?"

मी बोलले. सगळ्यांना बोलले. ब्रॅकनेलचा नंदू सॉफ्टवेअरमध्ये, शनिवार-रविवार ह्यांच्या गाडीचे टायर बदलायला यायचा. तो म्हणाला, "वहिनी, विलासराव लाल छपराचे ड्रायव्हर आहेत. तुम्ही काय चटणीवरून तपासणी करता?"

टेरीसुद्धा हसला. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? आमचे हे.

*

त्या गोल ट्रॅकवर गाड्या डावीकडेच वळतात. टेरी आतल्या बाजूने, डावीकडून आला. सरळ येत होता, मी कठड्याशीच उभी होते. ह्यांनी गाडी त्याच्या अंगावर घातली, तिथे कोणी नसल्यासारखी. हे भिंतीत गेले. तिथेच संपलं.

मंडळींनी ठरवून टाकलं, गोऱ्याने मारला. टेरी माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. पावसात उभा राहिला आणि निघून गेला.

क्लबने चौकशी बसवली. टेरीचं लायसन जाणार होतं. नंदू छातीवर हात ठेवून म्हणाला, टेरीनेच ठोकलं. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. टेरी मान खाली घालून बसलेला.

मग साहेबाने मला विचारलं, "बाई, चूक कोणाची?"

नंदू कानाशी लागला, "वहिनी, टेरी म्हणा."

मी उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "विलास."