कालव्याच्या रस्त्यावरचे आठशे मीटर

पळायला सुरुवात करण्याआधी ती डावा हात सरळ आभाळाकडे धरायची. मनगटावर घड्याळ. कालव्याच्या रस्त्यावर फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना वाटायचं, ही सूर्याची काही नवी उपासना असावी. मी एकदा विचारलंच.

"वरचं सापडल्याबिगर हे खालचं मोजत न्हाई, सर," ती म्हणाली. वरचं म्हणजे उपग्रह.

तुम्ही सकाळी फिरायला जात असाल तर अशा पोरी तुम्हीही पाहिल्या असतील. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, बूट धुऊन धुऊन विटलेले आणि तोंडी एकच शब्द, भरती. ही इस्लापूरकडची. नांदेडला आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहून पोलीस भरतीची तयारी करायची. वयात बसणारी ही तिची शेवटचीच भरती. वडिलांनी साफ सांगितलं होतं, लागलीस तर वर्दी, नाहीतर हिमायतनगरचं स्थळ.

"स्थळ वाईट न्हाई, सर," ती म्हणायची. "पण मला वर्दी पाहिजे."

घड्याळ भावाने पाठवलेलं. तो पुण्याला कंपनीत कामाला. आठशे मीटर झाले की ते मनगटावर थरथरायचं. ती वेळ बघायची आणि खुश व्हायची, कारण वेळ पैकीच्या पैकी मार्कांची असायची. बरोबरच्या पोरींसाठी तिने त्या जागी चुन्याची रेघ ओढून ठेवली होती. रोज पहाटे सगळ्या त्या रेघेपर्यंत जीव तोडून पळायच्या.

पळालेला रस्ता नंतर मोबाईलच्या नकाशावर उमटायचा. तो बघून मी तिची थट्टा करायचो, कारण नकाशावरची ती पळता पळता कधी कालव्यात उतरायची, कधी पलीकडच्या उसात शिरायची.

"आज पोहत गेलीस वाटतं?"

"झाडी लई हाय ना वर. गडबडून राहिलं बिचारं."

कालव्यात उतरणं आणि उसात शिरणंही घड्याळ अंतरातच धरतं, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

भरतीला महिना उरला तेव्हा नायगावच्या एका अकॅडमीने सराव चाचणी ठेवली. नीट मोजून आखलेलं मैदान. ती परत आली आणि जिन्यातच बसून राहिली. बायकोने दिलेला चहा तसाच गार झाला.

"त्यांनी मैदान मोठं आखलंय," ती म्हणाली. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, "का माझंच लहान हाय?"

दुसऱ्या दिवशी मी मंडपवाल्याकडून लांब टेप आणला. एक टोक मी धरलं, एक तिने. उचलत, टेकवत आम्ही निघालो. चुन्याची रेघ आली आणि मागे पडली. पूल मागे पडला. आठशे भरले ते पंपाच्या खोलीपाशी. तिथून मागे वळून पाहिलं तर रेघ नीट दिसतसुद्धा नव्हती.

"फेकून दे ते घड्याळ कालव्यात!" मी चिडलो.

"न्हाई सर, भावानं लई प्रेमानं दिलंय. बरं झालं, हितंच कळलं."

तिने रेघ पुढे नेली आणि पोरी रुसल्या. एक जण म्हणालीसुद्धा, "ताई, कालपर्यंत पास व्हतो आम्ही. आज तुम्हीच नापास करून राहिल्या!" ती कुणाशी भांडली नाही. पंपाच्या खोलीपर्यंत एकटी पळू लागली. त्या महिन्यात ती कशी पळाली ते मी पाहिलं आहे. ओकायची, चूळ भरायची आणि पुन्हा हात वर न धरताच सुटायची. माझा त्या पोरीवर फार जीव जडला होता. पोटच्या पोरीसारखा, असं म्हटलं तरी चालेल.

लातूरला जागा जास्त होत्या म्हणून अर्ज तिथला भरलेला. मी सोबत गेलो. आत सोडत नाहीत, म्हणून तारेच्या जाळीला चिकटून उभा राहिलो. शेवटच्या वळणापर्यंत ती पुढच्या पोरींत होती. मग ते शेवटचं अंतर आलं, जे तिच्या पायांना फक्त महिनाभराच्या ओळखीचं होतं. तिथे तिची चाल तुटली. लेखी परीक्षेसाठी निवडलेल्यांची यादी लागली, तेव्हा तिच्या लगेच पुढे पळालेल्या पोरीचं नाव त्यात शेवटचं होतं. हिचं नव्हतं.

आठवड्याभरात वडील तिला न्यायला आले. गादी, शेगडी, पुस्तकांची पिशवी रिक्षात भरली. ती आत जाऊन बसली. वडील माझ्याजवळ आले आणि तिला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "सर, लई मागं पडली का पोरगी?"

सेकंद सांगणं माझ्या जिवावर आलं. मी आमच्या फाटकापासून निघालो आणि शेजारच्या नळापाशी जाऊन उभा राहिलो. "एवढी."

ते नळापर्यंत चालत आले. वळून फाटकाकडे पाहिलं. परत फाटकापर्यंत गेले आणि पुन्हा नळाशी आले.

"एवढंच?"

मी मान हलवली. त्यांनी रिक्षाकडे पाहिलं. ती तोंड पलीकडे करून बसली होती.

"म्या तर हिमायतनगरवाल्यांना शब्द देऊन बसलो, सर," ते म्हणाले. मग तिच्या शेजारी जागा असूनही पुढे रिक्षावाल्याजवळ जाऊन बसले.