चहा संपेपर्यंत

फोन आला तेव्हा माझ्या हातात चहाचा ग्लास होता. रसायनीच्या आमच्या कारखान्यातली जेवणाची सुट्टी संपत आली होती, मी सर्व्हर रूमबाहेरच्या पायरीवर बसले होते, आणि पलीकडून हनीफभाईंच्या पत्नी यास्मिनभाभी म्हणाल्या, "बाय, भाई गेले गं…" एवढंच. मग फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला. सकाळपासून धाप लागली होती, पनवेलच्या रुग्णालयात होते, आता कर्जतला आणतायत, असं काहीबाही सांगितलं. मला उठायचं होतं, साहेबांना सांगायचं होतं, घरी कळवायचं होतं, स्कूटरची चावी शोधायची होती. यातलं मी काहीच केलं नाही. दोन्ही हातांनी ग्लास धरून चहा संपेपर्यंत तशीच बसून राहिले. बघणाऱ्याला वाटलं असेल, काय दगडाच्या काळजाची बाई आहे! पण मी हनीफभाईंचंच ऐकत होते. जीव घाबराघुबरा झाला की आधी दोन्ही हात ग्लासाला लावायचे आणि चहा संपेपर्यंत दुसऱ्या कशाला शिवायचं नाही, ही त्यांचीच शिकवण.

ती शिकवण मला पहिल्याच भेटीत मिळाली होती. कारखान्यातलं सगळं नेटवर्क एकदा भरदिवसा झोपलं. फाटकावर पास निघेनात, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली, आणि साहेब माझ्या डोक्यावर उभे. मी तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन लागलेली, खालापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची सून. अंगात हुशारीपेक्षा घाई जास्त. एक सेटिंग बदल, दुसरं बदल, तिसरं बंद कर, असा माझा सपाटा चालला होता. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं कर्जतहून हनीफभाईंना बोलावलं. बरीच वर्षं आखातात मोठमोठी नेटवर्कं सांभाळून परतलेला, पांढरी दाढी राखलेला, पोट किंचित सुटलेला हा माणूस आला, माझ्या खुर्चीमागे थोडा वेळ उभा राहिला आणि शिपायाला म्हणाला, "एक चहा आण रं, कडक." मला वाटलं, झालं! आग लागलीय आणि पाहुण्यांना चहा हवाय. चहा आला तो त्यांनी माझ्या हातात दिला. "हे धर दोनी हातानं. संपेपर्यंत कशाला शिवायचं नाय. नुसतं बघ." संतापानं माझे कान तापले. पण हात अडकले होते, म्हणून डोळे तेवढे मोकळे राहिले. आणि अर्ध्या ग्लासातच मला दिसलं, की कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या पेटीवरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतायत. भिंत रंगवणाऱ्यांनी लोंबणारी एक तार उचलून तिची दोन्ही टोकं त्याच पेटीत खोचली होती. आत आलेला प्रत्येक निरोप तिथंच गोल गोल फिरत बसला होता. मी तार उपटली आणि फाटकावरून पास निघायला लागले. भाईंनी हसत स्वतःसाठी चहा मागवला.

त्याच सुमारास आमच्याकडं कुजबुज सुरू झाली, की नेटवर्कचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. म्हणजे सगळे निर्णय त्यांचे, आणि माझ्या वाट्याला उरणार सर्व्हर रूमचं कुलूप उघडून देणं. हे टाळायचं तर एकच वाट होती: या क्षेत्रातली सर्वांत वरच्या पातळीची परीक्षा. आधी लेखी, मग बंगळुरूला जाऊन दिवसभराचं प्रात्यक्षिक. एक भलंमोठं नेटवर्क उभं करायचं, आणि दुसरं, मुद्दाम बिघडवून ठेवलेलं, दुरुस्त करायचं. लेखी पास झाल्यावर ठरावीक मुदतीत प्रात्यक्षिक नाही जमलं, तर पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. लेखी मी घोकून पास झाले. प्रात्यक्षिकाची तारीख मात्र मी पुढं ढकलत राहिले. भाईंनी तीच परीक्षा आखातात असताना दिली होती. त्यांना फोन करून विचारलं तर म्हणाले, "रविवारी ये. पण घरच्यांना सांगून ये."

घरच्यांना सांगणं हीच खरी पहिली परीक्षा होती. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, तोंडानं फटकळ. "नेटवर्क शिकायला जाते का चा प्यायला?" असं त्या दर रविवारी विचारत. भाईंना हे कळलं तेव्हा ते भाभींना घेऊन आमच्या घरी आले, ओटीवर बसले, भातपिकाची चौकशी केली आणि जाताना आईंना म्हणाले, "मावशी, तुमची सून हुशार हाय. फकत हात आवरत नाय तिला." आई खळखळून हसल्या, कारण ही तक्रार त्यांचीही होती. भाकरी थापताना मी तव्याशी सारखी चाळवाचाळव करते ना! त्या दिवसापासून माझ्याबरोबर कर्जतला सोललेले वाल जायला लागले, आणि डबा कधी रिकामा परत आला नाही. भाभींची सांदणं आमच्या घरात इतकी आवडती झाली, की एखाद्या रविवारी मी दमून टाळाटाळ केली तर आईच म्हणत, "अगं, अभ्यास बुडवू नको."

कॅमेरे आणि वायफाय बसवून देण्याचं भाईंचं दुकान होतं. त्याच्या वरच्या खोलीत एका लोखंडी रॅकवर त्यांनी जुन्या पेट्या रचल्या होत्या, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या चिठ्ठीवर आमच्या रेल्वेमार्गावरच्या स्थानकाचं नाव: कर्जत, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. एक पेटी बाजूला, तिचं नाव चौक, हमरस्त्यावरचं गाव. मला ज्या गोष्टी इंग्रजी पुस्तकात डोक्यावरून जायच्या, त्या इथं जन्मापासून ठाऊक असलेल्या निघाल्या. कर्जतचा निरोप खोपोलीला पोचायचा तर पळसदरीला पुढची वाट माहीत हवी. रेल्वे बंद पडली तर चौकच्या रस्त्यानं जाता यायला हवं, पण रेल्वे चालू असताना सगळ्यांनी चौकला वळायचं नाही. मी यायच्या आधी भाई वर जाऊन काहीतरी मोडून ठेवत. मी आले की भाभी चहाचा ग्लास हातात देत, आणि तो संपेपर्यंत कीबोर्डला शिवायची मनाई. नुसतं बघायचं, आणि काय दुखतंय ते मोठ्यानं मराठीत सांगायचं. इंग्रजी शब्दांच्या आड लपले की ते लगेच अडवत, "ते राहू दे. डोळवलीला काय झालंय, ते सांग." सगळं सापडलं असं वाटलं की हमखास एक खोडी उरलेली असायची, सर्वांत बारीक, सर्वांत आत दडवलेली. तिला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपूट सापडल्याशिवाय रविवार संपायचा नाही.

आणि त्या शेपटानंच माझा घात केला. बंगळुरूच्या पहिल्या खेपेला दुपार कलली तोवर माझं सगळं काम झालं होतं. प्रत्येक निरोप जिथल्या तिथं पोचत होता. दुसरी एखादी बाई समाधानानं उठली असती. मी कशी उठणार? मला शेपूट सापडलं नव्हतं ना! मी शोधत राहिले. एका कोपऱ्यात मला एक वाट दिसली, धडधाकट, पण तिच्यावरून काहीच जात नव्हतं. सापडलं, म्हटलं, आणि ती खुली करून टाकली. तो त्यांचा चौकचा रस्ता होता, अडीअडचणीसाठी राखलेला. सगळी रहदारी तिकडं धावली, तिच्यामागं आणखी दोन गोष्टी कोसळल्या, आणि त्या सावरेपर्यंत वेळ संपली. जे मोडलेलं नव्हतं ते दुरुस्त करून मी नापास झाले.

हे भाईंना सांगायला मी गेले, तेव्हा रडायचं नाही असं ठरवून गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसायला लागले, इतके हसले की खोकल्याची उबळ आली आणि भाभी पाणी घेऊन धावत वर आल्या. मग डोळे पुसत म्हणाले, "तू नाय नापास झालीस बाय. मी झालो. तुला बिघाड शोधायला शिकवलं, बरं असलेलं वळखायला शिकवलंच नाय." मला आजवर बरेच शिक्षक भेटले. विद्यार्थिनीचं अपयश इतक्या सहज आपल्या खांद्यावर घेणारा हा एकच…

पुढच्या रविवारी मी ग्लास संपवून शोधायला बसले. दुपार झाली, भाभींनी जेवायला वाढलं, पुन्हा बसले, उन्हं उतरली. एकही बिघाड हाती लागेना. डोकं भणभणायला लागलं तेव्हा भाई शांतपणे म्हणाले, "आज काय मोडलंच नव्हतं." माझा पारा चढला. "मग सांगायचं नाही का, भाई?" "सांगायचं तुला होतं," ते म्हणाले. तिथून नवा नियम सुरू झाला. काही रविवारी बिघाड असे, काही रविवारी नसे, आणि कुठल्या रविवारी काय, ते भाभींनाही ठाऊक नसे. सगळं नीट आहे अशी खात्री झाली की मी मोठ्यानं म्हणायचं, "सगळं ठीक आहे." बरोबर असेल तर भाई म्हणत, "मग ऊठ!" हे 'मग ऊठ' ऐकायला मी जितकी धडपडले तितकी कुठल्याही दाखल्यासाठी धडपडले नाही. बिघाड शोधणं सोपं होतं हो. तिथं निदान काहीतरी हाती लागतं. काही नाही असं म्हणून उठायला मात्र छाती लागते.

लेखी परीक्षेची मुदत सरत आली होती. दुसरी खेप हुकली असती तर सगळं मुसळ केरात. तोवर भाईंची तब्येतही ढासळायला लागली होती. जिना चढताना मध्ये थांबत, आणि थांबल्याचं कुणाला दिसू नये म्हणून भिंतीवरची वायर निरखल्याचं सोंग करत. दुसऱ्या खेपेला गेले. बंगळुरूच्या त्या खोलीत चहा नेऊ देत नाहीत. मी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले. त्यांच्या पेट्यांना मनातल्या मनात पळसदरी, केळवली, लौजी अशी नावं देऊन टाकली, आणि परमुलखातलं ते नेटवर्क एकदम माहेरचं वाटायला लागलं. काम संपलं. वेळ उरला. हात पुन्हा शिवशिवायला लागले… ग्लास घट्ट धरला, सगळ्या वाटा एकदा नजरेनं फिरून आले, आणि ओठातल्या ओठात म्हटलं, सगळं ठीक आहे. आणि उठले.

निकाल कळल्यावर पहिला फोन कर्जतला लावला. भाईंनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "उठलीस ना?" एवढंच विचारलं. "उठले, भाई." मग फोन भाभींच्या हातात गेला, आणि त्या म्हणाल्या, "डोळे पुसतायत गं." पुढं नेटवर्क बाहेर गेलं नाही, ते माझ्या हाती आलं. आज कारखान्यात मला मान आहे, घरात आई शेजारणींना माझ्या परीक्षेबद्दल सांगताना बंगळुरू पार समुद्रापलीकडं नेऊन ठेवतात. पास झाल्यावरही माझे रविवार चुकले नाहीत. "पास झालीस म्हणून काय चहा बंद?" असं भाईंनी दरडावलं होतं. मी नशीबवान, की हे ऋण वाटू नये अशा बेतानं त्यांनी मला दिलं.

भाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर भाभींनी बोलावलं. दुकान आता भाड्यानं द्यायचं होतं आणि रॅक मला न्यायचा होता. आईंनी नेहमीसारखे वाल सोलून दिले. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाल्या, "भाभी हाय ना तिथं." टेंपो खाली उभा करून मी वर गेले. रॅक चालू होता, दिवे लुकलुकत होते. भाभी म्हणाल्या, "दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी चढले होते वर. मी ओरडले. तर म्हणतात, बाय येणार हाय, तिच्यासाठी मांडून ठेवतो." आणि त्यांनी चहाचा ग्लास माझ्या हातात दिला.

मी बसले. चहा संपेपर्यंत नुसतं बघितलं. मग एकेक गाव घेतलं. कर्जतचा निरोप पळसदरीला, केळवलीला, डोळवलीला, लौजीला, खोपोलीला पोचत होता. चौकचा रस्ता राखीव होता, जसा असावा तसा. कुठंच काही मोडलेलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. भाईंनी मुद्दाम काही मोडलं नाही, की मोडायला बसले आणि दम पुरला नाही, हे आता कळायला मार्ग नाही. मी तिसऱ्यांदा शोधायला लागले, तेव्हा माझं मलाच कळलं, की मला बिघाड नकोच होता, फक्त उठायचं नव्हतं. मी शोधत होते तोवर ते मागं उभे होते… टेंपोवाल्यानं खालून हॉर्न दिला. ग्लास हातात गार झाला होता.

"भाभी," मी म्हटलं, "सगळं ठीक आहे."

इतकी वर्षं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून हे ऐकत आलेल्या भाभींनी पदरानं डोळे टिपले, माझ्या हातातून रिकामा ग्लास काढून घेतला आणि म्हणाल्या, "मग ऊठ."