सोनाराकडे नसलेला साचा

मेलानोमा म्हणजे डोळ्यातल्या कॅन्सरमुळे यांचा उजवा डोळा काढावा लागला, तेव्हा आमच्याकडच्या रीतीने मी गावदेवीला चांदीचे डोळे वाहिले होते. संकट टळलं असं धरून चालले. चार वर्षांनी तोच कॅन्सर लिव्हरमध्ये निघाला आणि मी देवीवर जी रुसले, ती तिच्यापुढे दिवासुद्धा लावेना.

डॉक्टरीणबाईंनी दोन उपचार एकत्र द्यायचं ठरवलं. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध सलाईनमधून, आणि केमो मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून थेट लिव्हरमध्ये. गाठी आवळतील, पण कायमच्या जातील असं सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. मी पहिलंच अर्धं ऐकलं. घरी हे जेवायला बसले की मी त्यांच्या ताटाकडे नाही, डोळ्यातल्या पिवळेपणाकडे बघायची. नवरा राहिला बाजूला, मी लिव्हरशीच संसार करत होते.

पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी रुसवा गिळला, उरणच्या बाजारात एका अनोळखी सोनाराकडे गेले आणि चांदीचं लिव्हर मागितलं. म्हातारा गोंधळला. "वैनी, डोळं हायत, पाय हायत, पाळना हाय. लिव्हरचा साचा न्हाय कुनाकडं." मला भर दुकानात रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि खणातून बोटाएवढा चांदीचा माणूस काढला.

"ह्यो घ्या. लिव्हर बी ह्याच्यातच आलं. पन अख्खा मानूस वाहिला, म्हंजे त्याचं काय करायचं ते आईनं ठरवायचं. जमंल?"

मला जमणार नव्हतं. देवळात तो माणूस मुठीत धरून मी कितीतरी वेळ उभी होते. 'बरं कर' म्हणायला गेले आणि तोंडून निघालं, 'तुझाच आहे.' मूठ उघडली आणि तो तिच्या पायाशी ठेवला.

गाठी आवळल्या. काही महिने आम्ही दोघं खाडीच्या बांधावर फिरलो, भांडलो, हसलोसुद्धा. रिपोर्टांची पिशवी मी मुलीकडे देऊन टाकली होती. मग औषधं चालेनाशी झाली.

त्या म्हाताऱ्याला ते बोलायला कुणी सुचवलं, यावर मी वाद घालत नाही. मागितलं ते मिळालं नाही आणि रडू अजून रोज येतं. पण शेवटच्या सकाळी यांनी माझा हात धरून विचारलं, "जाऊ ना गो मी?" सगळा जन्म हट्टीपणात घालवलेल्या मला 'जा' म्हणता आलं. ते बळ माझं नव्हतं, आई. ते तू दिलंस.